खाटेबाहेरचा आजार

प्रस्तावना

केईएम रुग्णालयाच्या पर्यावरण प्रदूषण संशोधन केंद्राने २०१३ मध्ये मुंबईतल्या माहुल, आंबापाडा आणि चेरेश्वर या वस्त्यांत श्वसनविकारांची पाहणी केली. पाहणीतल्या ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती. ८६.६ टक्के लोकांचे डोळे चुरचुरत होते. ८४.५ टक्के लोकांना छातीत कोंडल्यासारखे वाटत होते. अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात गेलेल्या माणसाला सहसा खाट मिळत नाही, चिठ्ठी मिळते. डॉक्टर तपासतात, वाफ देतात, पंप लिहून देतात आणि घरी पाठवतात. घर त्याच हवेत असते.

आपल्याकडचा आरोग्य विमा, सरकारी असो वा खासगी, खाटेपाशी सुरू होतो. पॉलिसीत सहसा किमान २४ तास दाखल राहण्याची अट असते. डायलिसिस, केमोथेरपी, मोतीबिंदू असे एका दिवसात उरकणारे उपचार त्याला अपवाद. सरकारी योजनेत उपचारांची यादी असते आणि त्या यादीतले बहुतेक उपचार दाखल होऊनच घ्यायचे असतात. दमेकरी बाईला मध्यरात्री अतिदक्षता विभागात न्यावे लागले, तर विमा तिच्या मदतीला येतो. ती रात्र येऊच नये म्हणून बारा महिने लागणारा पंप, छातीचा फोटो, रिक्षाभाडे, बुडालेला रोज हे सगळे तिच्या पदरचे. आरोग्य विमा स्वस्त व्हावा, सर्वांना मिळावा यासाठी सरकारने आणि विमा नियामकाने गेल्या काही वर्षांत पुष्कळ काम केले आहे. त्याची सविस्तर माहिती पुढच्या प्रकरणांत आहे आणि ती प्रत्येक घरात असायला हवी. पण हे सारे काम खाटेभोवतीच झाले आहे, आणि जिथे हवाच आजार देते तिथे खाटेभोवतीचा विमा अपुरा पडतो, हे माझे म्हणणे मी सुरुवातीलाच मांडून ठेवतो.

माहुल हे मूळचे कोळ्यांचे गाव. ट्रॉम्बेच्या डोंगराजवळची खाडी, मिठागरे, खारफुटी. आजही शिवडी-माहुलच्या चिखलपट्ट्यांवर थंडीच्या दिवसांत रोहित पक्षी उतरतात. १९५० च्या दशकात इथे स्टॅनव्हॅक आणि बर्मा शेल या कंपन्यांचे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. राष्ट्रीयीकरणानंतर तेच एचपीसीएल आणि बीपीसीएल झाले. पुढे शेजारी खतांचा कारखाना आला, वीजकेंद्र आले, रसायने साठवण्याच्या टाक्या आल्या. गावातल्या कोळ्यांनी या हवेविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. १८ डिसेंबर २०१५ रोजी न्यायाधिकरणाने माहुल आणि आंबापाडा येथील रहिवाशांच्या आरोग्याला तिथल्या हवेमुळे धोका असल्याचे स्पष्ट नोंदवले.

त्यानंतर जे घडले ते मला आजही समजून घेता येत नाही. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवण्याच्या उच्च न्यायालयाच्या आदेशांची अंमलबजावणी करताना, २०१७ पासून विद्याविहार, घाटकोपर आणि इतर ठिकाणच्या हजारो कुटुंबांना याच माहुलमध्ये आणून बसवले गेले. प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या ७२ इमारती, सतरा हजारांवर घरे. धोका आहे असे न्यायाधिकरणाने लिहून दिल्यावर, त्याच धोक्यात माणसे राहायला पाठवली गेली. ८ ऑगस्ट २०१८ रोजी बीपीसीएलच्या कारखान्यात स्फोट झाला, वसाहतीच्या भिंती हादरल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये रहिवासी माहुल सोडून विद्याविहारला, आपल्या जुन्या घरांच्या जागेजवळ, रस्त्यावर येऊन बसले. ‘जीवन बचाव आंदोलन’ हे नाव त्यांनी स्वतःच्या लढ्याला दिले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती भारती डांगरे यांच्या खंडपीठाने सांगितले की कोणालाही माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर देता येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्या. तरीही कित्येक कुटुंबे आजही तिथेच आहेत. २०२५ मध्ये महापालिकेने इथली रिकामी घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना साडेबारा लाखांच्या आसपास विकायला काढली. मुंबईत या किमतीला घर मिळणे जवळपास अशक्य, तरी प्रतिसाद अगदी तुटपुंजा आला. या हवेची किंमत लोकांना ठाऊक आहे.

आता विम्याकडे वळू. हप्ता ठरवताना कंपनी वय पाहते, आधीचा आजार पाहते, शहर पाहते. उपचार महाग म्हणून मुंबईकराचा हप्ता बहुधा सर्वांत वरच्या श्रेणीत. धोका जास्त तो माणूस महाग, हे विम्याच्या व्यापाराचे मूळ गणित. या गणिताला लगाम घालणे हेच नियमनाचे काम. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७३ पासून अमलात आले, १९८६ मध्ये सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणला, १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरणाला वैधानिक रूप मिळाले आणि खासगी कंपन्यांना दार उघडले. बरीच वर्षे ग्राहकाच्या हाती फार काही नव्हते. ऑक्टोबर २०११ पासून जुन्या पॉलिसीचे लाभ न गमावता कंपनी बदलता येऊ लागली. एप्रिल २०२० मध्ये ‘आरोग्य संजीवनी’ ही सर्व कंपन्यांसाठी एकसारख्या अटींची पॉलिसी आली, म्हणजे निदान अटींच्या जंगलात न शिरता किमतींची तुलना करता येऊ लागली.

२०२४ मधले बदल त्याहून मोठे. पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची रूढ वयोमर्यादा गेली. आधीपासून असलेल्या आजारासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली. सलग पाच वर्षे हप्ते भरल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, ‘तुम्ही आजार लपवला होता’ असे म्हणून दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. कॅशलेस मंजुरीचा निर्णय एका तासात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असे २९ मे २०२४ च्या परिपत्रकाने बजावले. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवण्याआधी नियामकाशी सल्लामसलत बंधनकारक झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला. हे बदल खरे आहेत, उपयोगाचे आहेत, आणि ते ग्राहक, वकील व पत्रकारांनी वर्षानुवर्षे केलेल्या पाठपुराव्याचेही फळ आहे.

तरी एक प्रश्न शिल्लक राहतो: आपण भरलेल्या शंभर रुपयांतले उपचारावर किती जातात? फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांना कमिशन आणि व्यवस्थापनावर एकूण हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत खर्च करण्याची मुभा २०२३ च्या नियमांनी दिली. २०२३-२४ मध्ये या कंपन्यांनी शंभरातले साधारण ६५ रुपये दाव्यांवर दिले. सरकारी कंपन्यांनी जमा हप्त्याहूनही थोडे अधिक. अमेरिकेच्या आरोग्यव्यवस्थेचे कौतुक करावे असे फारसे काही नाही, पण तिथल्या २०१० च्या कायद्याने दोन गोष्टी चोख केल्या. वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यातले किमान ८० टक्के उपचारावर आणि आरोग्यसेवेच्या सुधारणेवर खर्च झालेच पाहिजेत, नाहीतर फरक ग्राहकाला परत. आणि आधीचा आजार आहे म्हणून ना पॉलिसी नाकारता येते, ना हप्ता वाढवता येतो. आपल्या नियामकाने खर्चाला वरची मर्यादा घातली, उपचाराला खालची मर्यादा घातली नाही. ती घालायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

अर्थात माहुलच्या इमारतींत खासगी पॉलिसी परवडणारी घरे थोडी. घरकाम, गाडी चालवणे, साफसफाई, कंत्राटी हमाली यांवर चालणाऱ्या घरासाठी महत्त्वाची ती राज्याची योजना. महाराष्ट्राने हा विचार लवकर केला. १९९७ मध्ये जीवनदायी योजना आली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मुंबई उपनगर होते. म्हणजे माहुल पहिल्या दिवसापासून या योजनेत आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली, एप्रिल २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, २०१८ मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतशी तिची सांगड घातली गेली. एप्रिल २०२० पासून राज्य सरकार प्रत्येक कुटुंबामागे वर्षाला ७९७ रुपये हप्ता विमा कंपनीला देत होते आणि त्यात कुटुंबाला दीड लाखांचे संरक्षण होते. कुटुंबाच्या खिशातून एक पैसा नाही. २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने मर्यादा पाच लाखांवर नेली, उपचारांची संख्या १,३५६ केली आणि पिवळे, केशरी, पांढरे असा भेद न ठेवता सर्व रंगांची रेशनकार्डे पात्र ठरवली. १ जुलै २०२४ पासून ती अमलात आली. रेशनकार्डावर घाटकोपरच्या पाडलेल्या घराचा पत्ता असला तरी उपचार नाकारता येत नाहीत, कारण योजना सगळ्या राज्याची आहे. पुनर्वसितांच्या वसाहतीत ही एक ओळ सर्वांना माहीत असणे फार गरजेचे आहे. ७० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, केंद्राचे पाच लाखांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळाले तेही इथेच सांगून टाकतो.

योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. त्याच्या टेबलापर्यंत माणूस पोचला आणि आजार यादीत असला, तर योजना काम करते. हृदयाच्या शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस यांत तिने असंख्य घरे कर्जातून वाचवली आहेत. पण यादी आणि खाट या दोन दारांतून माहुलचा नेहमीचा आजार आत जात नाही. खोकला, खाज, डोळ्यांची आग, लहान मुलांचा परत परत भरणारा छातीचा कफ यांना पॅकेज नाही. महापालिकेने नोव्हेंबर २०२२ पासून ‘आपला दवाखाना’ सुरू केला, तिथे तपासणी, औषधे आणि १४७ चाचण्या मोफत. तो योग्य दिशेने टाकलेला पाय आहे. मात्र दवाखाना आणि विमा या दोन खात्यांचा आपसांत काही संबंध नाही. दम्याच्या रुग्णावर दवाखान्यात नीट उपचार झाले तर योजनेचा त्याला दाखल करण्याचा खर्च वाचतो, पण त्या वाचलेल्या पैशातला रुपयाही दवाखान्याकडे येत नाही.

असे असायलाच हवे असे नाही, याचा पुरावा आपल्याच घरात आहे. १९४४ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सरकारला दिला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. या विम्यात हप्ता पगारावर ठरतो, आजारावर नाही. आज कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के. कामगार जितका आजारी तितका महाग, असे इथे होत नाही. आणि मुख्य म्हणजे यात बाह्यरुग्ण तपासणी आहे, औषधे आहेत, आजारपणातल्या बुडालेल्या मजुरीची भरपाई आहे. मुलुंड, कांदिवली, अंधेरी, वरळी इथली कामगार रुग्णालये या कायद्याची लेकरे. त्यांची आज दुरवस्था आहे. अंधेरीच्या कामगार रुग्णालयात १७ डिसेंबर २०१८ ला लागलेल्या आगीत माणसे गेली आणि ते बराच काळ बंद राहिले. पण इमारत जळाली म्हणून विचार चुकीचा ठरत नाही. खरी अडचण आहे ती पगाराच्या २१,००० रुपयांच्या मर्यादेची आणि दहा कामगारांच्या अटीची. चार घरची धुणीभांडी करणारी बाई या विम्याला दिसतच नाही. सुधारणा करायची तर हा जुना, भक्कम विमा तिच्यापर्यंत नेण्यापासून करता येईल.

दुसरा धडा करोनाचा. विम्याच्या हप्त्यावर कितीही नियंत्रण ठेवले आणि रुग्णालयाचे दर मोकळे सोडले, तर हप्ता वाढतच राहणार. कंपनी जे देते ते शेवटी ग्राहकाकडूनच घेते. खासगी रुग्णालयांचे दर सरकार ठरवूच शकत नाही, असे आपल्याला अनेक वर्षे सांगितले गेले. २१ मे २०२० च्या आदेशाने महाराष्ट्र सरकारने ते ठरवले: खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा सरकारी दराने, साध्या वॉर्डात दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागात ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. दोनच दिवसांनी फुले योजना राज्यातल्या सर्वांसाठी खुली केली. अंमलबजावणीत पळवाटा निघाल्या, जादा बिलांच्या तक्रारी आल्या, लेखापरीक्षकांनी ती बिले कमी करून घेतली. म्हणजे यंत्रणा उभी राहू शकते. साथ ओसरली आणि ती यंत्रणा विरून गेली. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने आजवर स्वीकारलेला नाही. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावण्याची अट आली, पण लावलेला दर योग्य की अयोग्य हे पाहणारे कोणी नाही. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत देण्याची उच्च न्यायालयाची योजना २००६ पासून आहे. तिचाही आधार पुन्हा खाटच.

आणि आता माहुलचा सर्वांत अवघड प्रश्न. कोळीवाड्यातल्या मुलाचा दमा हा त्याचा ‘आधीचा आजार’ मानून विमा कंपनी तीन वर्षे थांबायला सांगते. पण तो आजार त्याने घरून आणलेला नाही. तो कुठून आला याबद्दल न्यायाधिकरणाने निकाल दिलेला आहे. १३ ऑगस्ट २०२० रोजी त्याच न्यायाधिकरणाने एचपीसीएल, बीपीसीएल, एजिस लॉजिस्टिक्स आणि सीलॉर्ड कंटेनर्स या चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली आणि त्या रकमेतून परिसर सावरण्याची योजना आखायला सांगितले. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९९१ मध्ये आपण सार्वजनिक दायित्व विमा कायदा केला. घातक रसायने हाताळणाऱ्या उद्योगाने आसपासच्या लोकांसाठी विमा काढणे त्याने सक्तीचे केले. मूळ कायद्यात उपचारखर्च जास्तीत जास्त १२,५०० रुपये आणि मृत्यूला २५,००० रुपये इतकीच भरपाई होती, पण त्यातले तत्त्व मोलाचे आहे: धोका निर्माण करणाऱ्याने शेजाऱ्याचा हप्ता भरायचा. उणीव अशी की त्या कायद्याला अपघात लागतो. स्फोट झाला तर कायदा जागा होतो, रोजच्या धुराने जागा होत नाही. पंचवीस वर्षे थोडे थोडे विष श्वासातून जाणे हा कायद्याच्या लेखी अपघात नाही.

माझ्या मते नियमनाचे पुढचे पाऊल इथे पडायला हवे. ज्या परिसरात न्यायालयाने किंवा न्यायाधिकरणाने हवेचा धोका मान्य केला आहे, तिथल्या रहिवाशांना श्वसनाच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ लावू नये. फुले योजनेत त्यांच्यासाठी बाह्यरुग्ण तपासणी, पंप, औषधे आणि वर्षातून एकदा फुफ्फुसांची चाचणी यांचे पॅकेज असावे. त्याचा हप्ता त्या परिसरातल्या उद्योगांनी भरावा. माहुलपुरते हे नाही. चंद्रपूरच्या वीजकेंद्राशेजारची गावे, तारापूर, लोटे परशुराम, महाड यांची स्थिती याहून वेगळी नाही. विमा हा हवा स्वच्छ करण्याला पर्याय होऊ शकत नाही आणि पुनर्वसितांना दुसरीकडे घर देण्यालाही नाही. ते दोन हक्क आधीचे आहेत. पण ते मिळेपर्यंत मुलाने श्वास घ्यायचाच आहे.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील. ज्यांच्या घरी आजारपण आहे त्यांनी फुले योजनेचे प्रकरण आधी वाचावे. वाचकांना माझी विनंती एवढीच: रेशनकार्ड आणि आधार यांच्या प्रती हाताशी ठेवा; फुले योजनेसाठी १५५३८८ हा क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवा; रुग्णालयाने पैसे मागितले किंवा योजना नाकारली तर आरोग्यमित्राकडे तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. खासगी विम्याचा दावा फेटाळला गेला आणि कंपनीकडे तक्रार करूनही महिन्याभरात समाधान झाले नाही, तर आपल्या भागाच्या विमा लोकपालाकडे जा. ५० लाखांपर्यंतच्या दाव्याची तक्रार तिथे ऐकली जाते, फी नाही, वकील लागत नाही. आणि दवाखान्याची प्रत्येक चिठ्ठी, औषधाचे प्रत्येक बिल तारखेनिशी जपून ठेवा. माहुलची हवा न्यायाधिकरणासमोर सिद्ध झाली ती पाहणी आणि नोंदींच्या बळावर. खाटेबाहेरच्या आजाराला विमा मागायचा असेल, तर त्यासाठी लागणारा पुरावा तुमच्या घरच्या त्या चिठ्ठ्यांतच आहे.